स्टॉकहोमला कुणी काही विचारत नाही

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी बाईनं परदेशी जायची कारणं दोनच असतात. एक म्हणजे मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण, दुसरं म्हणजे केसरी नाहीतर वीणा वर्ल्डची सहल. पहिल्यात बॅगेत डिंकाचे लाडू असतात आणि दुसऱ्यात संध्याकाळी वरणभात. या दोहोंपैकी काहीच नसताना मी स्टॉकहोमचं तिकीट काढलं, तेव्हा भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत जी काळजी पसरली ती पाण्याची लाइन फुटली तेव्हाही पसरली नव्हती.

"एकटीच?" हा पहिला प्रश्न. "आणि हे?" हा दुसरा. हे येणार नव्हते, कारण सोसायटीची विशेष सभा तोंडावर होती आणि गळक्या गच्चीचा विषय ह्यांनी जिवापाड लावून धरला होता. "काही बिनसलंय का?" हा तिसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारला नाही, जिन्याच्या वळणावर तो माझ्या आधी पोचलेला असायचा.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मला काही दिवस कुणी काही न विचारणारं गाव हवं होतं. भाईंदरला माणूस एकटा असतो तो फक्त न्हाणीघरात, आणि तिथंही बाहेरून कुणीतरी "अजून किती वेळ?" म्हणतंच. नोकरीची सगळी वर्षं मी लोकलच्या लेडीज डब्यात काढली. तिथं माझ्या ब्लडप्रेशरचा आकडा मला कळायच्या आधी गोरेगावला कळायचा.

स्वीडनविषयी आमच्या इमारतीत माहितीची कमतरता नाही. चेअरमननी लिफ्टमध्येच सगळं सांगितलं : १९८६चा सौदा, १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा, १६ एप्रिल १९८७ची स्वीडिश रेडिओची बातमी. तळमजला येईपर्यंत आम्ही कारगिलला पोचलो होतो. "तोफ मात्र चांगली निघाली हो," हे वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं, की मी येताना एखादी आणली तर त्यांना चाललं असतं.

शेजारच्या बेननी थेपले दिले. भाईंदर पश्चिमेला राहून थेपल्यांशिवाय कुणी विमानतळावर पोचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांनी पेढेही दिले, आणि तिथं कायदा आडवा आला. युरोपात बाहेरून जाणाऱ्याला दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. मासळी मात्र स्वतःच्या खाण्यापुरती वीस किलोपर्यंत चालते. म्हणजे बेनच्या घरचे पेढे बेकायदा आणि उत्तनचे सुके बोंबील कायदेशीर! आमच्या जिन्यात ही गोष्ट मोठ्यानं बोलायची सोय नाही. पेढे ह्यांनी विमानतळाच्या दाराशी उभ्याउभ्या संपवले. बोंबील मी नेले नाहीत, कारण कायद्याला चालले तरी बॅगेतल्या साड्यांना चालले नसते.

आता आकड्यांचं एक कोडं. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार भरली होती; त्यानंतर मीरा रोडला किती टॉवर उठले ते बघता आज ती कुठं असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. स्टॉकहोम शहराची वस्ती दहा लाखांच्या आतबाहेर. थोडक्यात, आमच्याएवढंच गाव. फरक इतकाच की ते चौदा बेटांवर ऐसपैस पसरलंय. पण मला पडलेला प्रश्न जागेचा नव्हता. एवढी माणसं आहेत, तर त्यांचा आवाज ठेवलाय कुठं? हॉर्न नाही, लाउडस्पीकर नाही, भोंगा लावलेला कांदे-बटाट्यांचा टेम्पो नाही. पहिल्या दिवशी मला कानात दडा बसल्याची शंका आली आणि मी भर रस्त्यात टाळी वाजवून बघितली. ऐकू आली. चार जणांनी वळून न बघण्याचे प्रयत्न केले, तेही दिसले.

तिथल्या मेट्रोला शंभर स्थानकं आहेत आणि त्यातल्या नव्वदेक स्थानकांत कुणा ना कुणा कलावंताचं काम आहे. मध्यवर्ती टी-सेंट्रालेनला गुहेसारख्या पांढऱ्या छतावर निळ्या वेली चढवल्यात. सोल्ना सेंट्रुमला अख्खं छत लालभडक आणि खाली हिरवं जंगल. लाल रंगाचं काम आमच्या स्टेशनांच्या भिंतींवरही असतं. आमचे कलावंत सही करत नाहीत एवढंच. पण मी कलेत रमले नाही, मी गाडीची वाट बघत होते. गाडी दिसली तशी पिशवी पोटाशी धरली, ओढणी गळ्याभोवती गुंडाळली, कोपर बाहेर काढलं. दारं उघडली. लोक उतरले. आणि मागून धक्का आलाच नाही. आयुष्यभर मी डब्यात स्वतः चढलेली नाही, मला चढवलेलं आहे. मागच्या बायांच्या जोरावर भाईंदरला माणूस आत जातो. इथं माझ्या मागच्या बाई हातभर अंतर राखून माझ्याकडे सौम्यपणे बघत उभ्या. तेवढ्यात दारं मिटली आणि गाडी गेली. त्या बाईसुद्धा राहिल्या, माझ्या मागे रांगेत होत्या म्हणून.

आत बसायची तऱ्हाही न्यारी. आपल्याकडे तिघींच्या बाकावर चौथी बसते आणि "जरा सरका" म्हटल्यावर पाचवीही टेकते. तिथं दोघांच्या बाकावर एक जण बसला की बाक भरला. उरलेल्या जागेवर त्याची बॅगही नसते, नुसती रिकामी जागा असते, आणि ती त्याचीच. एका तिकिटाला चाळीसहून अधिक क्रोना पडतात. आपल्या पैशांत तेवढ्यात भाईंदर-चर्चगेटचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास निघतो. पण पासात शेजारची जागा रिकामी मिळत नाही, असं मी मनाला समजावलं. मन म्हणालं, मिळाली असती तर बोलायला कोण होतं?

पैशांचं निघालं म्हणून सांगते. ह्यांनी माझ्यासाठी नोटा आणून ठेवल्या होत्या, निम्म्या पर्समध्ये, निम्म्या चोरकप्प्यात. चोराची वाट बघून त्या तशाच परत आल्या. तिथं रोख फारसं कुणी घेत नाही. कॉफीच्या दुकानात पाटी, संग्रहालयात पाटी, स्वच्छतागृहाच्या दारालाही कार्डच दाखवायचं. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ साली याच शहरातल्या एका पेढीनं काढल्या. त्या पेढीनं हव्या तेवढ्या छापल्या, पेढी बुडाली, आणि मग १६६८मध्ये जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक इथंच उभी राहिली. ज्यांनी नोट काढली त्यांनीच ती सर्वांत आधी टाकली. आमच्या कोथिंबीरवालीकडेही क्यूआर कोड आहे, पण ती नोट घेते, सुट्टे नसतील तर उद्यावर ठेवते, आणि वर कढीपत्ता देते. हा कढीपत्त्याचा व्यवहार स्वीडिश अ‍ॅपमध्ये बसेल असं वाटत नाही.

एका गोष्टीचा मात्र मला सरळसरळ मत्सर वाटला. राजवाडा आणि संसद यांच्याजवळून खळाळणारा एक प्रवाह आहे, स्ट्रोमेन. शहराच्या ऐन पोटात, मंत्र्यांच्या खिडक्यांखाली, लोक गळ टाकून उभे असतात आणि सामन माशाला बोलावतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत. थोडं पलीकडे माणसं पाण्यात पोहत होती. मला आमची खाडी आठवली. नायगावच्या पुलावरून गाडी जाताना निर्माल्याच्या पिशव्या, नारळ, तसबिरी धडाधड खाली जातात. आपण पाण्याला नमस्कार करतो आणि लगेच त्यात कचरा टाकतो. ते नमस्कार करत नाहीत आणि पाण्यात पोहू शकतात. यावर अधिक बोलले तर भावना दुखावतील, म्हणून पुढे जाते.

पुढे म्हणजे वासा संग्रहालयात. स्टॉकहोमला जाऊन एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघावी, आणि आपल्याकडच्या प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला सरकारी खर्चानं दाखवावी.

राजा गुस्ताव्ह अडॉल्फला जगात भारी युद्धनौका हवी होती. तिच्यावर ६४ तोफा चढवल्या, आणि शेकडो कोरीव पुतळे : सिंह, योद्धे, रोमन सम्राट. बांधणीचा मुख्य उस्ताद काम चालू असतानाच, १६२७मध्ये वारला. जहाज वर जड आणि खाली हलकं झालंय हे जाणकारांना दिसत होतं. मग चाचणी घेतली. तीस खलाशांना डेकच्या या बाजूकडून त्या बाजूकडे पळवलं. तीन फेऱ्यांत जहाज असं डुलायला लागलं की नौदलाच्या अधिकाऱ्यानं चाचणी थांबवली. जहाज थांबवलं नाही, चाचणी थांबवली! राजा दूर प्रशियात लढाईवर होता आणि तिथून घाई करत होता. त्याला कळवणार कोण? १० ऑगस्ट १६२८ला सगळ्या गावासमोर वासा निघाली. वाऱ्याच्या दोन झुळका आल्या, ती कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरलं आणि तेराशे मीटर जाऊन ती तळाला गेली. तेराशे मीटर म्हणजे आमच्या घरून स्टेशन. सुमारे तीस माणसं बुडाली.

आता चौकशी. इथवर मी परदेशात होते, चौकशी सुरू झाली आणि मी मायदेशी आले. कप्तानाला अटक करून विचारलं, दारू प्यायला होतास का? नव्हता. तोफा सुटल्या होत्या का? नव्हत्या. बांधणाऱ्यांना विचारलं, मापं कुणी दिली? मापं राजांनी मंजूर केलेली. मग दोष कुणाचा? देव जाणे, असं उत्तर नोंदलं गेलं. शेवटी सगळं त्या वारलेल्या उस्तादाच्या खात्यावर जमा झालं आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. १९६१मध्ये, ३३३ वर्षांनी, जहाज वर काढलं तेव्हा आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. काही अ‍ॅमस्टरडॅमच्या, अकरा इंची. एकाच बोटीवर दोन फूट! उत्तनच्या बंदरात होड्या बांधणाऱ्या कोळी सुतारांना हे सांगितलं तर ते हसून लोळतील. त्यांच्या होडीला कागदावरचा नकाशा नसतो, ६४ तोफाही नसतात, आणि ती संध्याकाळी घरी येते.

पण एक आहे. स्वीडिश लोकांनी ही फजिती लपवली नाही. तिच्यासाठी आलिशान इमारत बांधली, तिकीट लावलं, आणि "आमचं हे असं झालं" हे शांतपणे पाट्यांवर लिहिलं. आपल्याकडे बुडालेल्या प्रकल्पांना तिकीट लावायचं ठरवलं तर महापालिकांना मालमत्ता कर घ्यायची गरज उरणार नाही.

नोर्माल्मस्टोर्ग नावाच्या चौकातही गेले. १९७३च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका बँकेत दरोडेखोरानं चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं. सुटल्यावर ते त्याच्याविषयी आपुलकीनं बोलायला लागले, पोलिसांवरच चिडले. तेव्हापासून त्या प्रकाराला जगभर या शहराचं नाव लावतात. सहा दिवसांचं काय एवढं कौतुक! आम्ही बायकांनी लोकलमध्ये तीस-तीस वर्षं काढली. तिनं आमचे खांदे मोडले, छत्र्या खाल्ल्या, डबे चेपले. आणि आम्ही काय केलं? तिच्यात हळदीकुंकू केलं, डोहाळजेवणं केली, दसऱ्याला तिला झेंडूचे हार घातले. विरार लोकलमध्ये भाईंदरवालीला चढू देत नाहीत, तरी "आपल्या विरार लाइनची शान" म्हणताना आमचा ऊर भरून येतो. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांनी घाई केली.

मिडसमरच्या आदल्या दिवशी मी खरी एकटी झाले. सण या आदल्या दिवशीच, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, साजरा होतो, आणि त्या दिवशी अख्खं शहर बेटांवरच्या आपापल्या लाकडी घरांत पळतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. भाईंदरला एवढी शांतता शेवटची लॉकडाऊनमध्ये होती. सुट्टीवर न गेलेला तेवढा सूर्यच एक. रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे साडेतीनला कामावर हजर. दिवेलागण कधी धरायची हे शेवटपर्यंत ठरलं नाही. ह्यांचा फोन यायचा तेव्हा भाईंदरला रात्रीचे साडेदहा, स्टॉकहोमला संध्याकाळचे सात आणि डोक्यावर ऊन. "खोटं बोलतेस, दुपार आहे तिथं," असं हे म्हणायचे. मी कॅमेऱ्यात आधी ऊन दाखवायचे, मग घड्याळ. ह्यांचा घड्याळावर विश्वास बसला नाही.

उघडं होतं ते स्कॅनसेन, १८९१पासूनचं खुलं संग्रहालय. गावोगावची जुनी घरं उचलून आणून तिथं मांडलीत. मैदानात पानाफुलांनी सजवलेला उंच खांब, भोवती माणसांचं कडं, आणि बघता बघता ती गंभीर, सुटाबुटातली, मेट्रोत हातभर अंतर राखणारी मंडळी उकिडवी बसून बेडकासारखी उड्या मारायला लागली. बेडकांचंच गाणं होतं ते. आजोबा उड्या मारतायत, बँकेतल्या वाटणाऱ्या बाई उड्या मारतायत. मी मंगळागौरीत कोंबडा घातलेली बाई. गुडघ्यांची परवानगी न घेता शिरले. दोन्ही बाजूंनी अनोळखी हात आले आणि त्यांनी माझे हात घट्ट धरले. गाणं संपलं, हात सुटले, आणि दोन्ही बाजूंची माणसं पुन्हा हातभर लांब. "कुठून आलात?" एवढंही नाही. नंतर बटाटे, शेपू आणि लोणच्यासारखी मुरवलेली हेरिंग मासळी खाल्ली. मासळीत साखर! बोंबील आणायला हवे होते; बेननी कट्टी केली असती तरी आणायला हवे होते.

कुणी काही न विचारण्याचं सुख पहिले काही दिवस शुद्ध तुपासारखं होतं. कॅफेत कॉफी आणि दालचिनीचा बन घेऊन दोन तास बसा, टेबल पुसायच्या निमित्तानंही कुणी उठवत नाही. एकट्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, कारण तिथं एकटं असणं हीच रीत. स्वीडनमधल्या पाचातल्या दोन घरांत एकेकटंच माणूस राहतं. रस्ता विचारला तर नेमका सांगतात, डावीकडे किती पावलं तेही सांगतात, आणि निघून जातात. भाईंदरला पत्ता विचारला की विचारणाऱ्याला बिल्डिंगपर्यंत पोचवतात, वाटेत तिथं भाड्यानं घर घेऊ नका असा सल्ला देतात, आणि कोणाकडे जायचंय ते काढून घेतात. मग एका दुपारी मेलारेन सरोवराकाठी थेपला खात बसले असताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी फक्त एका कुत्र्याशी बोललेय. तेवढ्यात सीगलनं झडप घालून हातातला थेपला पळवला आणि मी मराठीत जे काही बोलले ते बराच वेळ बोलले. मोकळं वाटलं. बेनचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलंच, "त्यां कोनी साथे वातो करो छो?" मी म्हटलं, पक्ष्यांशी. त्यांना ते धार्मिक वाटलं.

मी सॉदरमाल्म भागात एका निवृत्त बाईंच्या घरात खोली घेऊन राहत होते. दारात चपला काढायच्या, हे आपल्यासारखंच. बाई भल्या, पण बाहेर पडण्याआधी दाराच्या भिंगातून बघून घ्यायच्या. जिन्यात शेजारी असेल तर तो जाईपर्यंत थांबायच्या. स्वीडनमध्ये निम्मे लोक असंच करतात, असं त्याच म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हीही भिंगातून बघतो, पण शेजारी दिसला की दार उघडायला.

मग इमारतीच्या तळघरात मला ओळखीचं काहीतरी सापडलं. तिथं सगळ्यांसाठी मिळून एक धुलाईघर असतं. फळ्यावर आपली वेळ राखून ठेवायची आणि त्याच वेळात धुवायचं. आणि त्या फळ्याशेजारी चिठ्ठ्या! एकमेकांशी अवाक्षर न बोलणारी ही माणसं धुलाईघरात एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. म्हणे साऱ्या देशात लिहितात. घरमालकीणबाईंनी एकीचा अर्थ लावून दिला : "मंगळवारी सात ते दहा ज्यांची वेळ होती त्यांनी जाळीतली घाण काढलेली नाही. इथे तुमची आई कामाला नाही." खाली सही नाही. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "माझी वेळ सोमवारी होती." त्याखाली तिसऱ्या अक्षरात नुसतं उद्गारचिन्ह. त्या तळघरात मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं की मी धुणं संपल्यावरही थोडी रेंगाळले.

राजवाडा, वासा, मध्यरात्रीचा उजेड, सगळ्याचे फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते. अंगठे आले, हात जोडलेले आले. त्या चिठ्ठीचा फोटो भाषांतरासकट टाकला आणि ग्रुप पेटला. चेअरमननी ताबडतोब "अनुकरणीय" असं लिहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, तिकडे थकबाकीदारांचीही नावं लावतात का? कुणीतरी गच्चीत वाळत घातलेल्या गव्हाचा फोटो टाकला. आणि मध्यरात्री तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मेसेज आला : "ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी नाव घेऊन म्हणावं, परदेशातून टोमणे मारू नयेत. आणि आमची आई बारा महिने इथेच असते."